टॉपचं सोडा, यू-टर्न दाखवा

दसऱ्याची सकाळ. शोरूमच्या दारात यामाहाची छोटी स्पोर्ट्स बाइक, निळी आर१५ उभी. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. आईने ओवाळलं, वडील पेढ्यांचा पुडा धरून बाजूला झाले. पोराने नव्या हेल्मेटची पट्टी नीट लावली (हे पाहून बरं वाटलं), सेल्फ मारला, लिंबू चिरडलं, गाडी चार पावलं पुढे नेली आणि फोटोसाठी परत शोरूमकडे वळवायला घेतली. हँडल उजवीकडे पूर्ण वळलं, इंजिनाने एक आचका दिला आणि पोर गाडीसकट उजव्या अंगावर. वेग माणसाच्या चालीएवढाही नव्हता. ब्रेकच्या लिव्हरचं टोक वाकलं, फेअरिंगवर (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) हातभर ओरखडा, झेंडूची माळ चाकात. सेल्समन धावत आला, "काही नाही साहेब, नजर होती ती गेली." वडिलांनी विचारलं, "इन्शुरन्समध्ये होईल ना हे?" आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवरून एक जण म्हणाला, "च्यायला, एवढी फास्ट गाडी अन् उभ्या उभ्या पडली!"

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणणाऱ्याच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि ते आश्चर्यच उलट्या बाजूचं होतं. गाडी फास्ट असूनही पडली असं नाही, फास्ट जायला बनवलेली आहे म्हणूनच पडली. छोट्या स्पोर्ट्स बाइकबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं टॉप स्पीडभोवती फिरतं. टपरीवर, पंपावर, सिग्नलला शेजारी उभा राहिलेला रिक्षावालाही तेच विचारतो, टॉप किती? शिकणारा पोरगा मात्र टॉपला नाही पडत. तो पडतो सोसायटीच्या गेटात, पार्किंगच्या उतारावर, घाटातल्या हेअरपिनला आणि अशा यू-टर्नला. ताशी ० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ही गाडी आपल्या १०० सीसीच्या घरगुती गाडीपेक्षा कितीतरी अवघड आहे. विकताना हे कोणी सांगत नाही, आणि ऐकायच्या मनःस्थितीतही कोणी नसतं.

का अवघड, ते गाडीवर बसून हँडल एकदा पूर्ण फिरवलं की कळतं. साध्या गाडीचं हँडल म्हणजे रुंद, वर उचललेला एक अख्खा पाइप. स्पोर्ट्स बाइकला दोन वेगळे तुकडे असतात, क्लिप-ऑन, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांना पकडलेले, खाली आणि एकमेकांच्या जवळ. हँडल फार वळलं तर ते टाकीला आणि फेअरिंगला भिडेल, म्हणून त्याचं लॉक, म्हणजे वळण्याची हद्द, मुळातच कमी ठेवलेलं असतं. लॉक कमी म्हणजे वळायला जागा जास्त. स्प्लेंडर ज्या गल्लीत एका दमात वळते तिथे हिला पुढे-मागे करावं लागतं. आता उजवीकडे पूर्ण लॉक मारा आणि हात बघा. उजवी मूठ पोटाशी येते, कोपर दुमडतं, मनगट खाली पडतं, आणि मनगट पडलं की रेस आपोआप उघडते. त्याच वेळी डावी मूठ लांब पळते, बोटं ताणली जातात आणि हाफ क्लचवर धरलेली लिव्हर निसटते. म्हणजे एकाच क्षणी रेस वाढते आणि क्लच सुटतो, दोन्हीही न मागता. गाडी झेप घेते. घाबरलेला हात उजव्या लिव्हरवर आवळतो. पुढे काय होतं ते दसऱ्याला सगळ्यांनी पाहिलंच. काही जणांचा अंगठा टाकी आणि मुठीच्या फटीत सापडतो, तेही आहेच.

त्यात इंजिनाचा स्वभाव. सध्याच्या आर१५चं १५५ सीसी इंजिन १८.४ पीएस देतं ते १०,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे), आणि सगळा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १४.२ न्यूटन मीटर, ७,५०० ला. वरच्या फेऱ्यांसाठी व्हॉल्व्ह उघडणारा दुसरा कॅम लागतो तोही ७,४०० च्या सुमारास. खाली दीड-दोन हजारांवर हे इंजिन अगदीच गरीब असतं. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाडीला क्लच सोडला की ती खालच्या टॉर्कवरच घरंगळत निघते. ही निघत नाही, दोनदा आचके देते आणि बंद पडते. वळणात, हँडल लॉकला असताना बंद पडली की तिला तोलून धरायला काहीच उरत नाही. सीट ८१५ मिलिमीटर उंच. साडेपाच फुटी पोराचेही दोन्ही तळवे पूर्ण टेकत नाहीत, आणि रस्त्याची कड उताराची असेल तर खालच्या बाजूचा पाय अधांतरीच. १४० किलोच्या आसपासची गाडी कागदावर हलकी आहे. एका बाजूला १५ अंश कलली की एका पायाला ती हलकी वाटत नाही.

पाडतो मात्र पुढचा ब्रेक.

सरळ रस्त्यावर पुढचाच ब्रेक खरा, थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो, आणि ज्या पोरांना घरी "पुढचा दाबू नको, उलटशील" असं सांगितलेलं असतं त्यांना चुकीचं शिकवलेलं असतं. पण तो नियम चाक सरळ असतानाचा. चाक वळलेलं असताना, पावलाच्या वेगात तो दाबला की फोर्क खाली बसतो, गाडीचं सगळं वजन पुढच्या टायरच्या एका कडेवर येतं आणि गाडी ज्या बाजूला चाक वळलंय त्या बाजूला आडवी होते. घसरत नाही, नुसती कोसळते. इथे एबीएस कामाला येत नाही. एबीएसचं काम चाक लॉक होऊन घसरू न देणं, आणि इथे घसरण्याचा प्रश्नच नसतो, तोल गेलेला असतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं ते फार चांगलं झालं. पावसात, सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, खडीवर, कुत्रं आडवं आल्यावर त्याने किती जणांची हाडं वाचवली असतील. पण पार्किंगमध्ये त्याच्या भरवशावर राहू नये.

हीच गाडी ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेली की अंगात संचारल्यासारखी बदलते. चाकं फिरू लागली की ती स्वतःला सावरतात, फोर्कच्या तिरप्या कोनामुळे पुढचं चाक आपणहून सरळ राहू बघतं, आणि आता हँडल फिरवून वळायचं नसतंच. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण सायकल चालवणारं प्रत्येक पोर नकळत हेच करत असतं. या वेगात खाली झुकलेले हात, मागे सरकलेले फूटरेस्ट, टाकीत रुतलेले गुडघे, सगळ्याला अर्थ येतो. ही बैठक आली आहे ट्रॅकवरून, आणि ट्रॅकवर यू-टर्न नसतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला १५०-१६५ सीसीच्या गाड्यांवर शिकून पोरं रेसर होतात, ते या गाड्या सोप्या आहेत म्हणून नव्हे. ताकद कमी असल्यामुळे वळणात घालवलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यात भरून काढता येत नाही, म्हणून वळण नीट काढायला शिकावंच लागतं. मोठ्या इंजिनावर चूक रेस पिळून झाकता येते. घाटातही तसंच. ताम्हिणीत चढणीच्या वळणाआधीच खालचा गिअर टाकून इंजिन सहा-सात हजारांवर ठेवलं तर ही गाडी अशी काही गाते की विचारू नका. वळणाच्या मध्यात गिअर शोधत बसलात तर ती मेलीच.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात झाली तेव्हा बैठकीचा विचार कोणी करत नव्हतं. १९८५ ते १९९६ या काळात यामाहाची आरएक्स १०० होती. तिला ना फेअरिंग ना क्लिप-ऑन, पण पिकअप असा की आजही तिच्या चांगल्या नगाला वेड्यासारखी किंमत मिळते. २००३ ला हिरो होंडाची करिझ्मा आली. तिला अर्धी फेअरिंग होती आणि बैठक आरामाची. २००८ ला आर१५ आली आणि पहिल्यांदा कॉलेजच्या पोराच्या आवाक्यात लिक्विड कूलिंग, सहा गिअर, डेल्टाबॉक्स फ्रेम आणि खरीखुरी झुकलेली बैठक एकत्र मिळाली. तरी तिची सीट सलग होती आणि मागचं टायर १०० मिलिमीटर रुंदीचं, म्हणजे आजच्या मानाने काठीच. लोकांनी तेवढ्यावरून नाकं मुरडली. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत टायर १३० चं झालं, सीट दुभंगली, मागची सीट वर गेली, आणि गाडी दिसायला जेवढी चढली तेवढी घरातून उतरली, कारण आईला आणि आजीला तिच्यावर बसता येईना. कंपनीला २०१५ मध्ये सलग सीटची वेगळी आर१५एस काढावी लागली ती उगाच नाही. मागची सीट उंच असण्याचा त्रास बसणाऱ्यालाच असतो असं नाही. डबलसीट असताना वजन वर आणि मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि आधीच अवघड असलेला कमी वेगाचा तोल आणखी अवघड होतो. नवशिक्याने पहिले दोन-तीन महिने मागे कोणाला बसवू नये, मैत्रीण रुसली तरी.

लायसन्सच्या बाबतीत आपला कारभार गमतीचा आहे. युरोपात १६ वर्षांच्या पोराला ए१ लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतच मुभा, पुढे ए२ ला ३५ किलोवॉट, मग सगळं खुलं. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून जाणाऱ्या केटीएम तिकडे याच पायऱ्यांच्या हिशेबाने बसतात, १२५ ची ड्यूक ए१ मध्ये आणि ३९० ची ड्यूक ए२ मध्ये. आपल्याकडे १८ पूर्ण झाली, गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं, की १०० सीसीपासून सुझुकीच्या अवाढव्य हायाबुसापर्यंत एकच रेघ. विम्याला मात्र सीसी कळते. २०२२ च्या थर्ड पार्टी दरांत ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये आणि त्याच्या वर ३५० पर्यंत १,३६६, म्हणजे १५५ सीसीची आर१५ पाच सीसीसाठी वरच्या रकान्यात. जोखमीचा हिशेब विमावाल्यांनी केला, लायसन्सवाल्यांनी केला नाही. त्यात आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायला बहुतेक जण काकांची किंवा शेजाऱ्याची साधी गाडी घेऊन जातात, आणि पास झाल्यावर आर१५ बुक करतात. जी गाडी चालवायची तिच्यावर आठ काढलाच जात नाही.

तो काढायला मोकळी जागा लागते, एवढंच. रविवारी सकाळी एमआयडीसीचे आतले रस्ते रिकामे असतात. फुफाटा आणि खडी नसलेला तुकडा बघायचा, चार पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. आधी सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, जमेल तितकं हळू. रेस एका जागी, अडीच-तीन हजारांवर धरून ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. वेग कमी-जास्त करायचा तो हाफ क्लचने आणि उजव्या पायाखालच्या मागच्या ब्रेकने. मागचा ब्रेक किंचित लागलेला असला की गाडी ताणून धरल्यासारखी स्थिर राहते, कारण इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, चेनमधला सैलपणा निघून जातो. पुढच्या ब्रेकवरची बोटं उचलून मुठीभोवती गुंडाळायची, म्हणजे घाबरून दाबायला ती जाग्यावर नसतील. हे जमलं की वळण. आधी मोठा गोल, मग लहान. उजवीकडे वळताना उजव्या हाताचं कोपर आधीच वर उचलून ठेवायचं, मनगट पडणार नाही. डाव्या हाताने क्लचची लिव्हर दोन बोटांनीच धरायची. गाडी आत झुकेल, आपण सीटवर किंचित बाहेरच्या बाजूला बसायचं. आणि मान! पुढच्या चाकाकडे बघितलं की चाकापाशीच पडाल. हनुवटी खांद्यावर नेऊन, जिथे गाडीचं तोंड यायला हवं तिथे बघायचं. हे ऐकायला थोतांड वाटतं, पण यातलं एकच जमत असेल तर मानेचंच जमवा. दर पाच-सात गोलांनी थांबून क्लचला थंड होऊ द्या. जळका वास आला म्हणजे थांबायला उशीर झाला.

एवढं करूनही गाडी आचके देत असेल तर दर वेळी दोष हाताचाच असतो असं नाही. चेन बघा. साइड स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, खालच्या पट्टीच्या मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण ३ सेंटिमीटर हालली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. सैल चेन रेस उघडता-मिटताना झटका देते, आणि तो झटका ८० च्या वेगात जाणवत नाही, ८ च्या वेगात पाडतो. कोपऱ्यावरचा फिटर चेन आवाज करते म्हणून तारेसारखी आवळून देतो ते त्याहून वाईट, कारण आपण बसल्यावर मागचा सस्पेन्शन दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. दोन्ही बाजूच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा एकसारख्या आहेत का तेही बघावं, नाहीतर मागचं चाक तिरकं चालतं. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल हवी. तो नसेल तर क्लच घसरतो, फार असेल तर पूर्ण सुटत नाही आणि गाडी सिग्नलला पुढे सरकत राहते. इंजिन ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं महागडं ऑइल टाकून लाड केले तर ऑइलात बुडालेला क्लच घसरायला लागतो. टायरची हवा पुढे २९, मागे ३३ पीएसआयच्या आसपास. पंपावरचा पोरगा न विचारता ४० मारतो आणि गाडी खडीवर नाचते. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खटकन अडल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) गेला, आणि असा कोनसेट असेपर्यंत हळू वेगात सरळ रेषा धरणं कोणालाच जमणार नाही. ही सगळी कामं पाच-सातशे रुपयांत, कोनसेट धरून दीड-दोन हजारांत होतात. पोरं मात्र तेवढ्यात आवाजाचा सायलेन्सर बसवतात. नाहीतर १४० च्या टायरसाठी बनवलेल्या रिमवर १५० चं टायर चढवतात. त्याने टायर कडेला चिमटलं जातं, मधला भाग फुगतो, आणि गाडी वळायला आणखी आळशी होते.

राहिला वडिलांचा प्रश्न, इन्शुरन्समध्ये होईल का. होईल, पण साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, नवी कोरी गाडी असली तरी. आणि ही गाडी बाहेरून सगळी प्लास्टिकच. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) घेतलेली असेल तर निभावतं, पण क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाते. नुसता ओरखडा असेल तर तसाच ठेवावा. तडा असेल तर फेअरिंग उतरवून आतून प्लास्टिक वेल्डिंग मारणारे कारागीर जुन्या बाजारात असतात, नव्या पॅनेलच्या पाव खर्चात काम होतं. लिव्हर मात्र ठोकून सरळ करू नये. ओतीव अ‍ॅल्युमिनियम वाकवून परत वळवलं की आत बारीक चीर जाते, आणि ती ऐन ब्रेक दाबताना मोडते. ती नवीच टाकावी.

खरं म्हणजे पहिल्या गाडीसाठी शोरूमच्या दारात जाऊच नये, तीन-चार वर्षं वापरलेली बघावी. पहिलं पाडणं दुसऱ्या कोणीतरी उरकलेलं असतं. बघताना मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा टोकं बघा. बारएंड (मुठीच्या टोकाचा लोखंडी तुकडा), लिव्हरचं टोक, फूटरेस्टची कड आणि उजव्या बाजूचा सायलेन्सर. यांच्यावर जुने, बोथट ओरखडे असतील तर गाडी उभ्या उभ्या पडलेली आहे, ते चालतं, त्यावर दोन-तीन हजार कमी करून घ्या. लॉकला हँडल जिथे थांबतं तिथला स्टॉपर चेपलेला किंवा तुटलेला असेल, किंवा दोन्ही लॉकला मुठी टाकीपासून वेगवेगळ्या अंतरावर राहत असतील, तर ती वेगात आपटलेली आहे. जुन्या गाडीला एकच बाजू चकचकीत नवी फेअरिंग असेल तर का बदलली ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी गाडी एकदा मागून सरळ रेषेत चालताना बघा. दोन्ही चाकं एका ओळीत दिसत नसतील तर चहा पिऊन घरी या.